मडगार्ड दोन तुकड्यांत बसवा

प्रश्न : माझ्या रोड बाइक सायकलला २५ मिमीचे टायर आहेत. टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये करंगळीसुद्धा जात नाही, फ्रेमला मडगार्डची भोकंही नाहीत. पावसात ऑफिसला पोचेपर्यंत पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि त्या फटीत ॲलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) सरकवून पाहा. ६ मिमीची सहज फिरली तर पातळ अखंड मडगार्ड बसू शकेल. ४ मिमीचीच जात असेल तर नाद सोडा. खडा अडकला की खरखर सुरू होणारच.

मग कापायचं. ब्रेकखाली येणारा भाग हॅकसॉने काढून टाका. उरलेले दोन तुकडे ब्रेकच्या पुढे-मागे राहतील अशी पत्र्याची पट्टी वाकवून ब्रेकच्याच बोल्टमध्ये अडकवा. बोल्टचे पुरेसे आटे बसतायत ना, हे मात्र डोळ्यांनी बघा. मधल्या उघड्या फटीतून थोडं पाणी उडेल, उडू द्या. भोकं नसतील तर मडगार्डच्या सळ्यांसाठी रबर लावलेल्या क्लिपा फ्रेमच्या नळ्यांना आवळा. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, कार्बनचा असेल तर ड्रिलला हात लावू नका. रबरी पट्ट्यांवर बसणारं तयार मडगार्ड घ्या.

पुढचं मडगार्ड खाली लांब हवं, बूट आणि चेन त्यानेच वाचतात. बसवल्यावर हँडल पूर्ण वळवून पेडलवरचा पंजा त्याला लागतो का, ते उभ्या सायकलवर तपासा.