२२ मुलांच्या दंडावरून अटलांटिक ओलांडलेली लस

इतिहासातील किंवा विज्ञानातील अशी कोणती विस्मृतीत गेलेली घटना आहे, जी पूर्णपणे खरी असूनही ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही, असे आपण विचारले आहे. अशा घटना पुष्कळ आहेत, पण मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारी घटना म्हणजे देवीच्या लशीने १८०३ मध्ये स्पेनहून अमेरिकेपर्यंत केलेला प्रवास. ती लस कुपीत भरून नेलेली नव्हती. ती लहान मुलांच्या शरीरात जिवंत ठेवून नेली होती.

हे का करावे लागले, ते आधी समजून घ्यायला हवे. देवी झालेल्या रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक दगावत, आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांना व्रण किंवा अंधत्व आयुष्यभर सोबत करी. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर गायींच्या सौम्य देवीमुळे उठलेल्या फोडातील द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचूनही रोग झाला नाही. जेन्नर यांनी १७९८ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि काही वर्षांतच या लशीला सर्वत्र मागणी येऊ लागली. अडचण अशी होती की तो द्रव दोऱ्यावर वाळवला किंवा काचेच्या दोन तुकड्यांमध्ये बंद केला, तरी उष्ण हवेत आणि लांबच्या सागरी प्रवासात त्याचा प्रभाव नाहीसा होई. बर्फाच्या पेट्या नव्हत्या, आणि विषाणू नावाचे काही असते याची कल्पनाही त्या काळी कोणाला नव्हती.

स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा भाऊ गॅब्रिएल १७८८ मध्ये देवीनेच मरण पावला होता आणि अमेरिकेतील स्पॅनिश प्रदेशांत या रोगाच्या साथी वारंवार येत होत्या. राजाच्या खर्चाने तेथे लस पोहोचवण्याची जबाबदारी फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस या शल्यचिकित्सकाकडे आली. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी आ कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ हे जहाज निघाले, तेव्हा त्यावर २२ लहान मुले होती, आणि त्यांतील बहुतेक अनाथ होती. ज्यांना पूर्वी देवी आलेली नाही आणि लसही टोचलेली नाही, अशीच मुले निवडलेली होती, कारण एकदा प्रतिकारशक्ती आलेल्या शरीरात लस रुजत नाही. दोन मुलांना लस टोचायची, नवव्या-दहाव्या दिवशी त्यांच्या दंडावरील फोड पिकला की त्यातील द्रव पुढच्या दोघांना टोचायचा, आणि किनारा येईपर्यंत हे असेच चालू ठेवायचे. प्रत्येक मूल एकदाच उपयोगी पडत असे. एका वेळी दोघे घेण्याचे कारण इतकेच की एकाचा फोड सुकला किंवा खाजवून फुटला, तर दुसऱ्याचा तरी हाती राहावा. मुले एकमेकांच्या अंगाला घासली आणि एखाद्याला अवेळी लागण झाली, तर ही साखळी वेळेआधीच संपण्याचा धोका होता.

ती साखळी टिकली याचे मोठे श्रेय माझ्या मते इसाबेल सेन्दाल या बाईंना द्यायला हवे. आ कोरुन्याच्या अनाथालयाच्या त्या व्यवस्थापक होत्या आणि जहाजावरील मुलांमध्ये त्यांचा मुलगा बेनितोही होता. त्यांनी रात्रंदिवस मुलांची शुश्रूषा केली आणि त्या श्रमांत स्वतःची प्रकृती गमावली, असे खुद्द बाल्मिस यांनी लिहून ठेवले आहे. तरीही त्यानंतरच्या दीर्घ काळात त्यांचे आडनावसुद्धा निरनिराळ्या कागदांत निरनिराळे लिहिले जात राहिले.

१८०४ च्या फेब्रुवारीत जहाज प्वेर्तो रिकोला आणि नंतर व्हेनेझुएलाला पोहोचले. तेथे मोहिमेचे दोन भाग झाले. बाल्मिस यांचे सहायक डॉक्टर जोसे साल्वानी यांनी दक्षिणेची वाट धरली. जहाज फुटले, एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी अँडीज पर्वतराजीत लस देत ते हिंडत राहिले आणि १८१० मध्ये कोचाबाम्बा येथे वारले. बाल्मिस मेक्सिकोला गेले आणि तेथून आणखी २६ मुले घेऊन १८०५ मध्ये आकापुल्कोहून मनिलाला निघाले. मनिलानंतर मकाव आणि चीनमधील कँटनपर्यंत लस नेऊन ते १८०६ मध्ये स्पेनला परतले. स्पेनहून आलेली मुले मात्र मेक्सिकोतच राहिली. त्यांचे पालनपोषण आणि शिक्षण सरकारी खर्चाने होईल असे वचन होते, पण त्यांना गरिबांसाठीच्या आश्रमात ठेवण्यात आले आणि तेथील स्थितीबद्दल बाल्मिस यांनाच तक्रार करावी लागली. या मोहिमेने असंख्य जीव वाचवले हे मी निःसंकोचपणे मानतो, परंतु ज्यांच्या अंगावरून ती लस गेली त्या मुलांना कोणी विचारले नव्हते, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे असे मला वाटते.

भारतात लस आली तीही बऱ्याच अंशी याच पद्धतीने. व्हिएन्नाचे डॉक्टर जां द कारो यांनी पाठवलेला द्रव बगदादला टिकून पोहोचला, तेथून बसऱ्याला गेला आणि पुढे जहाजाने मुंबईला आला. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत यशस्वीपणे लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरील द्रवापासून ती इतरांपर्यंत गेली.

एका दंडावरून दुसऱ्या दंडावर लस नेण्याची ही रीत अनेक दशके चालली आणि तिची काळी बाजूही उघड झाली. १८६१ मध्ये इटलीतील रिवाल्ता येथे एका मुलाच्या फोडातील द्रव टोचल्यामुळे चाळीसहून अधिक मुलांना उपदंशाची बाधा झाली. अशा प्रकारांमुळे वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याकडे कल वळला, आणि ब्रिटनने १८९८ मध्ये माणसावरून माणसावर लस नेण्यास बंदी घातली.

या कथेतील विज्ञानाचा भाग त्याहूनही चमत्कारिक आहे. माणसे आणि जनावरे यांच्यावरून लस इतकी फिरली की तिचे मूळ कोणाच्या लक्षात राहिले नाही. प्रचारातील लशीचा विषाणू गायींच्या देवीच्या विषाणूहून वेगळा आहे, हे १९३९ मध्ये ॲलन डाउनी या शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याच लशीच्या बळावर देवीचे उच्चाटन झाले आणि जागतिक आरोग्य सभेने ८ मे १९८० रोजी तसे जाहीर केले. लस नेमकी कोठून आली, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता. २०१७ मध्ये १९०२ सालच्या एका अमेरिकन लशीचा जनुकीय आराखडा तपासण्यात आला, तेव्हा त्याचा मुख्य भाग घोड्यांना होणाऱ्या देवीच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. गायींमधील हा रोग मुळात घोड्यांच्या पायांना होणाऱ्या विकारातून येतो, असे जेन्नर यांनी १७९८ च्या आपल्या पुस्तिकेतच लिहिले होते.