बॅग खांद्यावर, दवाखाना रोज वेगळा

प्रश्न : डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे दात साफ करून देण्याच्या कामाचा, दोन वर्षांचा डिप्लोमा झालाय. कायमची नोकरी मिळत नाही, पण चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लजचे डॉक्टर 'आठवड्यातून एक दिवस या' म्हणतात. घरचे म्हणतात, ही काय रोजंदारी! काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : रोजंदारीच आहे की! तुझ्याच गावात बायकांनी हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेत घरं चालवली. तसाच हिशेब तूही ठेव. फक्त पैसे दिवसाचे ठरव, पेशंटमागे नको. पाऊस लागला की पेशंट येत नाहीत, एसटीचं भाडं मात्र तुझंच जातं.

हाताची हत्यारं स्वतःची ठेव, निदान तीन सेट. एक वापरात, एक ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र), एक तयार. अल्ट्रासॉनिक स्केलरची, म्हणजे दातांवरचा थर काढायच्या मशीनची, टीप नेणार असशील तर आधी फोनवर मशीन कुठलं ते विचार. सगळ्यांचे आटे जुळत नाहीत. आणि ऑटोक्लेव्ह नुसता टेबलावर असून भागत नाही. १२१ अंशाला पंधरा मिनिटं तो खरंच चालतो का, ते डोळ्यांनी बघ. हिपॅटायटिस-बीच्या लशीचे तिन्ही डोस झाले नसतील तर बॅग उचलूच नकोस.

मिश्री लावणाऱ्या आजी भरपूर भेटतील. काळे डाग काढायच्या नादात गालाच्या आत बघायचं राहतं. पांढरा चट्टा दिसला तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.

एकदा एका दवाखान्यात डॉक्टर लग्नाला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, बधिरतेचं इंजेक्शन तुम्हीच द्या." मी बॅग आवरली. त्या दिवसाचे पैसे बुडाले, बुडू देत. आपलं काम दात साफ करणं, पॉलिश करणं आणि निगा शिकवणं. १९४८च्या दंतवैद्य कायद्यात तेच लिहिलंय. नोंदणीही राज्यवार असते आणि निपाणी कर्नाटकात, म्हणून गडहिंग्लजला होकार देण्याआधी महाराष्ट्राच्या डेंटल कौन्सिलला विचार. नाका ओलांडला की कागद बदलतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

चिकोडीच्या बाजूला जाणार असशील तर दोन कानडी वाक्यं घोकून ठेव : 'बायि तेगीरि' (तोंड उघडा) आणि 'नोवु ऐतेन्री?' (दुखतंय का?) निपाणीत राहून तुला येतही असतील. मला येत नव्हती. पहिल्याच दिवशी मी 'तोंड उघडा, तोंड उघडा' म्हणत राहिले आणि समोरच्या अज्जी गोड हसत राहिल्या, तोंड मिटूनच.