वाचकांचे प्रश्न : गोल बसला की संघ का विस्कटतो?

प्रश्न : मी सोळा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षण देतो. मुलांकडे कौशल्य आहे. मात्र पहिला गोल आमच्यावर झाला की ती एकमेकांवर ओरडू लागतात आणि पाठोपाठ दुसराही गोल बसतो. मध्यांतरात मी धीर देतो, पण त्याचा परिणाम टिकत नाही. न खचण्याची वृत्ती संघात कशी रुजवावी?

उत्तर : मध्यांतरातल्या बोलण्यावर तुम्ही फार भिस्त ठेवली आहे, असे मला वाटते. गोल बसल्यावर लगेच कोणी काय करायचे हे मुलांना आधीपासून ठाऊक नसेल, तर धीराचे शब्द मैदानात उतरेपर्यंत विरून जातात. त्यामुळे ही वृत्ती सरावातच घडवावी लागेल. आठवड्यातून एकदा तरी सराव सामना एका गोलच्या पिछाडीपासून सुरू करा. घड्याळात दहाच मिनिटे ठेवा, कधी एक खेळाडू कमी करा. चेंडू जाळ्यातून कोण आणेल, कर्णधार बचावफळीशी काय बोलेल आणि खेळ पुन्हा सुरू होताना पहिले तीन-चार पास कोणाकडे जातील, हे ठरवून घ्या. नियमानुसार गोल बसल्यावर मध्यबिंदूवरून चेंडू तुमच्याच संघाला मिळतो. घाबरलेला संघ तो पुढे भिरकावून देतो आणि दुसऱ्या गोलची वाट मोकळी करतो.

या संदर्भात इंग्लंडचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 2018 पूर्वी विश्वचषकात इंग्लंडवर तीनदा पेनल्टी शूटआउटची (बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघांनी आळीपाळीने फक्त गोलरक्षकासमोर किक मारून निकाल लावण्याची) वेळ आली होती आणि 1990, 1998 व 2006 या तिन्ही वर्षी हा संघ हरला होता. 2018 मधले प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट स्वतः 1996 च्या युरो (युरोपीय देशांच्या) स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पेनल्टी चुकवलेले खेळाडू होते. शूटआउट म्हणजे नशिबाचा खेळ, ही समजूत बाजूला सारून त्यांनी स्पर्धेच्या काही महिने आधीपासून तयारी करून घेतली, आणि त्यात किक मारण्यापूर्वी घाई न करण्याचाही समावेश होता. 2018 मध्ये कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातला पहिला शूटआउट जिंकला.

मात्र तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. 2021 मध्ये युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध इंग्लंडच्या तिघांच्या पेनल्टी वाया गेल्या. शेवटची अवघ्या एकोणीस वर्षांच्या बुकायो साकाची होती. किक कोणी मारायच्या हा निर्णय माझा होता, असे साउथगेट यांनी सामन्यानंतर जाहीरपणे सांगितले. 2024 च्या युरोमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध बरोबरीचा गोल साकानेच केला, आणि शूटआउटमध्येही त्याच्यावरच विश्वास टाकला गेला. त्याने तो सार्थ ठरवला. चूक झाल्यावरही आपली जागा शाबूत राहते, हे ज्याने अनुभवले आहे तोच खेळाडू पुढच्या वेळी चेंडू मागून घेतो. बाकीचे जबाबदारी टाळण्यासाठी सहकाऱ्याच्या आड लपतात.

म्हणून चूक झाली की त्या मुलाला लगेच बाहेर काढू नका. सहकाऱ्यावर ओरडण्याबाबतचा नियम मात्र कडक ठेवा, आणि तो सर्वोत्तम खेळाडूला आधी लागू करा. त्याला सवलत मिळाली की बाकीच्यांच्या दृष्टीने तो नियम उरत नाही. (मैदानाबाहेरून ओरडणाऱ्या पालकांना आवरणे याहून अवघड आहे, पण तुम्ही स्वतः शांत राहिलात तर निम्मे काम होते.)

प्रश्न : पराभवानंतर चुकांची चर्चा त्याच दिवशी करावी का?

उत्तर : नाही. सामना संपल्यावर पुढच्या सरावाची वेळ सांगून मुलांना घरी पाठवा. पुढच्या सरावात चर्चा कराल तेव्हा पहिल्यांदा स्वतःचे निर्णय तपासायला घ्या, म्हणजे मुलेही आपल्या चुकांविषयी मोकळेपणाने बोलतील.