मोल जमत नाही, म्हणजे सायन्स सोडायचं का?

"मॅडम, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसून राहते पोरगी, पण केमिस्ट्रीच्या पेपरात काही लिहिणंच होत नाही तिच्याच्यानं. तिचे बाबा म्हणून राहिले, कॉमर्सला टाकून देऊ. तुम्हीच सांगा, सायन्स झेपते का तिला?"

नागपुरातल्या नंदनवनहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलीची दहावी मराठी माध्यमातून झालेली, विज्ञानात चांगले गुण. अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत केमिस्ट्रीत २५ पैकी ६. ती स्वतः एकच वाक्य बोलली, "मला मोल समजतच नाही." मोल म्हणजे केमिस्ट्रीत अणू-रेणू मोजायचं एकक.

पहिली घटक चाचणी झाली की नागपुरात हा प्रश्न घेऊन येणारी घरं कमी नसतात. शाखा बदलण्याचा निर्णय एका चाचणीवर घेऊ नये. "समजत नाही" हे वाक्यही जसंच्या तसं धरू नये. आधी धागा नेमका कुठे तुटतो ते पाहावं. त्यासाठी पुस्तक न उघडता सोडवायचे सात छोटे प्रश्न पुरतात. तिला वीस मिनिटं दिली.

एक प्रश्न होता: १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, रेणू कशात जास्त? तिनं लिहिलं, "सारखेच, दोन्हीकडे १ मोल." म्हणजे जे समजत नाही असं ती म्हणत होती, तेच तिला समजलेलं होतं. डझन म्हटलं की लिंबं असोत वा नारळ, नग १२च. वजन मात्र वेगळं. मोलचंही तसंच, फक्त नग ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे.

चुका दुसरीकडेच होत्या, आणि प्रत्येक चुकीचं उत्तर स्वतःच बोलत होतं.

ॲल्युमिनियम सल्फेटचं रेणुवस्तुमान तिनं २७८ काढलं. बरोबर उत्तर ३४२. सूत्रात २ ॲल्युमिनियम, कंसात सल्फेट (एक गंधक, चार ऑक्सिजन) आणि कंसाबाहेर ३ असतात. हा ३ तिनं फक्त ऑक्सिजनला लावला, गंधकाला लावलाच नाही. म्हणून ५४ + ३२ + १९२. खरं तर ५४ + ९६ + १९२ हवं. कुणाचं उत्तर २१४ आलं, तर त्यानं उलट केलेलं असतं: ३ गंधकाला लावला, ऑक्सिजन चारच ठेवले. मुलाचं उत्तर नुसतं लाल शाईनं कापण्यापेक्षा ते कुठून आलं हे शोधलं, तर निम्मं काम तिथंच होतं.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचं समीकरण संतुलित करताना तिनं पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली २ लिहिला. अणू जुळले, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. ही चूक फार मुलं करतात, कारण वर्गात "दोन्ही बाजू सारख्या करा" एवढंच कानावर पडतं. सूत्रातला खालचा अंक पदार्थाची ओळख आहे, त्याला हात लावायचा नाही. बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधी लिहिलेला अंक, म्हणजे किती रेणू.

तिसरी चूक ९ ग्रॅम पाण्यात किती मोल, याची. तिनं ९ ला १८ नं गुणून १६२ लिहिलं. उत्तर ०.५. इथे एककं लिहिली असती तर चूक जागेवर दिसली असती: ग्रॅम भागिले "दर मोलला ग्रॅम" केलं की मोल उरतो, गुणलं तर ज्याला काही अर्थ नाही असं एकक येतं.

यात भाषेचाही वाटा होता, आणि तो घरी कुणाच्या लक्षात येत नाही. नववी-दहावीत संयुजा, मूलक, द्राव्य, द्रावक, द्रावण हे शब्द पक्के झालेले. अकरावीत तेच व्हॅलन्सी, रॅडिकल, सोल्यूट, सॉल्व्हेंट, सोल्यूशन होऊन येतात. सोल्यूशन आणि सॉल्व्हेंटमध्ये गोंधळ झाला की मोलॅरिटी आणि मोलॅलिटी एकमेकींत मिसळतात. मोलॅरिटीत एक लिटर द्रावण मोजायचं, मोलॅलिटीत एक किलो द्रावक. एक मोलर मिठाचं द्रावण करताना ५८.५ ग्रॅम मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग चंबूवरच्या खुणेपर्यंत पाणी घालून एक लिटर पुरं करायचं. एक लिटर पाण्यात मीठ टाकायचं नाही. तिच्यासाठी असे तीस शब्द वहीत दोन रकान्यांत समोरासमोर लिहायचं ठरलं.

आईनं विचारलं, "मग अजून एक ट्यूशन लावून देऊ का?" नाही. कॉलेज आणि क्लासनंतर तिसरी शिकवणी लावली, तर हातानं सराव करायला वेळच उरणार नाही. ठरलं ते असं: सहा आठवडे, रोज २५ मिनिटं, डोकं ताजं असताना, रात्री बाराला नाही. क्लासचा चालू धडा थांबवायचा नाही.

पहिले दोन आठवडे फक्त सूत्रं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची कार्डं करायची. एकीकडे आयनाचं, म्हणजे प्रभार असलेल्या अणूचं किंवा अणुगटाचं नाव, दुसरीकडे चिन्ह आणि प्रभार. रोज पाच नवी. चुकलेलं कार्ड गठ्ठ्यात तिसऱ्या जागी, बरोबर आलेलं तळाशी. आईला केमिस्ट्री येत नसली तरी कार्ड धरता येतं, मागचं वाचून बरोबर-चूक सांगता येतं. मग दोन कार्डं ओढून सूत्र बनवायचं. अमोनियमचा प्रभार १, कार्बोनेटचा २, म्हणून अमोनियम दोन, आणि ते कंसात. कंस का, हे तोंडानं सांगायचं.

पुढचे दोन आठवडे संतुलन. इथं मुलं कुठूनही सुरुवात करतात आणि गोल फिरत राहतात. जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे ते आधी घ्यावं, जे अनेक ठिकाणी विखुरलंय ते शेवटी. तिला उदाहरण रामटेकजवळच्या मनसरच्या खाणीतल्या मँगनीजचं दिलं. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लापासून मँगनीज क्लोराइड, क्लोरीन आणि पाणी. मँगनीज जुळलेलंच आहे. ऑक्सिजन डावीकडे २, म्हणून पाणी २. त्यामुळे हायड्रोजन ४, म्हणून आम्ल ४. आता क्लोरीन मोजा: डावीकडे ४, उजवीकडे क्लोराइडमध्ये २ आणि वायूत २. क्लोरीनपासून सुरुवात केली असती तर हेच समीकरण तिनं पाच वेळा खोडलं असतं.

शेवटचे दोन आठवडे मोल आणि मर्यादी अभिकारक, म्हणजे जो आधी संपतो तो. तिला हा प्रश्न दिला: १० ग्रॅम हायड्रोजन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? तिनं कमी वजनाचा हायड्रोजन आधी संपेल असं धरलं आणि ९० ग्रॅम काढलं. इथं तर्रीपोहे उपयोगी पडले. एका प्लेटला दोन पळ्या तर्री लागते. पाच पळ्या तर्री आणि दोन प्लेट पोहे असतील, तर आधी काय संपेल? पोहे. तर्रीची एक पळी उरेल. तसाच एका मोल ऑक्सिजनला दोन मोल हायड्रोजन लागतो. इथे हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. हायड्रोजन लागतो ४ मोल, १ मोल म्हणजे २ ग्रॅम उरतो, पाणी ४ मोल म्हणजे ७२ ग्रॅम. वजनाकडे पाहायचं नाही, आधी मोल करायचे. मग पडताळा: ७२ आणि २ मिळून ७४, जेवढं घेतलं तेवढंच. या पडताळ्याला जास्तीचं अर्धं मिनिट लागतं, पण तो सोडायचा नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

सोडवलेली उदाहरणं नुसती वाचायची नाहीत. एकदा वाचून पान झाकायचं आणि कोऱ्या कागदावर सोडवायचं. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून पुन्हा. चुकलं की समासात एकच शब्द लिहायचा: सूत्र, संतुलन किंवा एकक. आठवड्याच्या शेवटी जो शब्द जास्त दिसेल, पुढच्या आठवड्यातली दहा मिनिटं त्याची.

ज्या मुलांना दशांश आणि गुणोत्तरच अडतं, त्यांनी आधी दहा दिवस गणिताचा तेवढाच भाग करावा. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, कॉलेजला जायचंच टाळत असेल, तर केमिस्ट्री बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलायला हवं. या मुलीच्या बाबतीत तसं नव्हतं. तिच्या बाबांनीही शाखेचा निर्णय सहा आठवडे थांबवायचं कबूल केलं.

सहाव्या आठवड्यात तेच सात प्रश्न, आकडे बदलून दिले. मोलॅलिटीत ती अजून अडखळली. शेवटचा प्रश्न होता ६ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनचा. तिनं आधी ५४ ग्रॅम पाणी लिहिलं, मग स्वतःच खोडलं. खाली ३६ आणि "उरला हायड्रोजन २ ग्रॅम" असं होतं. समासात बारीक अक्षरात: "३८ च्या वर कसं जाईल?"