वादळानंतर झाडे तोडायला येणारी परराज्यातली माणसे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी व जावई अमेरिकेत ह्यूस्टनच्या उपनगरात राहतात. जुलै २०२४ मधील बेरिल चक्रीवादळात त्यांच्या अंगणातले ओकचे मोठे झाड गॅरेजच्या छपरावर पडले. दुसऱ्याच दिवशी अलाबामा राज्याची नंबरप्लेट असलेला ट्रक घेऊन तिघेजण दारात आले आणि 'निम्मे पैसे आत्ता रोख द्या, आजच झाड काढून देतो' म्हणाले. मुलीने घाबरून नकार दिला. त्याच गल्लीत परराज्यांतले आणखी कितीतरी ट्रक वीजतारांवरच्या फांद्या कापत होते आणि त्या माणसांना मात्र शेजारीपाजारी पाणी नेऊन देत होते. ही माणसे इतक्या लांबून कोणाच्या सांगण्यावरून येतात, आणि त्यांच्यात विश्वासाची कोण हे कसे ओळखावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुलीने जे पाहिले, ती दोन वेगवेगळ्या प्रकारची माणसे होती आणि हा फरक कळला की निम्मा गोंधळ मिटतो. तारांवरच्या फांद्या कापणारे कामगार वीजकंपनीने बोलावलेले असतात. अमेरिकेतील वीजकंपन्यांनी संकटकाळी एकमेकींना माणसे व यंत्रे पुरवण्याची प्रादेशिक व्यवस्था फार पूर्वीपासून उभी केली आहे. वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच ओहायो, पेनसिल्वेनिया, आयोवा अशा दूरच्या राज्यांतून पथके निघतात आणि वादळाच्या अपेक्षित मार्गाबाहेर येऊन थांबतात. लाइनमन वीजकंपन्यांचे किंवा त्यांच्या कंत्राटदारांचे असतात. झाडे कापणारे मात्र बहुतेक करून तारांलगतच्या छाटणीचेच काम वर्षभर करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे असतात. १९२८ मध्ये पेनसिल्वेनियात सुरू झालेली ॲस्प्लंड आणि ओहायोतील त्याहून जुनी डेव्ही ट्री या त्यांतल्या नावाजलेल्या. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडा व आसपासच्या राज्यांत अमेरिका व कॅनडातून आलेल्या वीज-कामगारांची संख्या ६०,००० च्या घरात होती. अशी पथके घरमालकाकडे पैसे मागत नाहीत, कारण त्यांची मजुरी वीजकंपनी देते. पण ती तार मोकळी करण्यापुरतीच फांदी कापतात आणि खाली पडलेले लाकूड तिथेच ठेवून पुढच्या गल्लीत जातात. यावरून लोक पुष्कळदा त्यांच्यावर चिडतात, आणि ते चिडणे मला अन्यायाचे वाटते. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल टेक्ससमधील माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागले तेव्हा ते पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य, श्रेणीचेच वादळ होते, तरी ह्यूस्टन परिसरात एकाच कंपनीच्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. २०२३ च्या दुष्काळाने आणि १६ मे २०२४ च्या वादळी वाऱ्याने आधीच खिळखिळी झालेली झाडे तारांवर कोसळली, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. इतक्या लोकांचे दिवे लावायचे असताना प्रत्येकाचे अंगण साफ करत बसणे पथकाला शक्यच नसते.

दारात आलेले ते तिघे दुसऱ्या प्रकारातले. त्यांना कोणी बोलावलेले नसते. वादळाची बातमी ऐकून ते आपला ट्रक, करवती आणि जमल्यास फांद्यांचा भुगा करणारे चिपर घेऊन स्वतःच निघतात. या सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजू नये, असे मी आवर्जून सांगेन. आपल्या गावी वर्षानुवर्षे सचोटीने हेच काम करणारे, दोरावर चढण्यात तरबेज असलेले अनेकजण त्यांच्यात असतात आणि ते आले नसते तर कित्येक घरांवरची झाडे महिनोन्‌महिने तशीच राहिली असती. अडचण अशी की त्यांच्याच शेजारी कालच करवत विकत घेतलेला माणूसही उभा असतो आणि टेक्ससमध्ये झाडे तोडण्याच्या धंद्याला राज्याचा परवाना लागत नसल्यामुळे कागद पाहून दोघांतला फरक कळत नाही. शेजारच्या लुइझियानात असा परवाना सक्तीचा आहे.

म्हणून मुलीने नकार दिला हे योग्यच केले. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे, नैसर्गिक आपत्तीत नुकसान झालेल्या वास्तूच्या कामासाठी आलेल्या ज्या कंत्राटदाराचा त्या किंवा लगतच्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) किमान वर्षभर व्यवसायाचा पत्ता नाही, त्याला काम सुरू होण्यापूर्वी पैसे मागताच येत नाहीत. अलाबामाहून आलेल्या माणसाने आगाऊ रोख रक्कम मागणे हीच पुरेशी खूण होती. पुन्हा अशी वेळ आली तर तिने दोन कागद मागावेत. एक, समोरच्याच्या चुकीने तिच्या किंवा शेजाऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा आणि दुसरा, कामगार जखमी झाल्यास त्याला भरपाई देणारा विमा. हे कागद त्याच्या हातून न घेता विमा कंपनीकडून थेट मागवावेत. दुसऱ्या विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण छपरावरून पडून माणूस जायबंदी झाला आणि त्याचा विमा नसला, तर त्या कुटुंबाचे हाल होतात आणि घरमालकही दाव्यात ओढला जाऊ शकतो. झाड हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, कामाचे वर्णन व रक्कम लेखी घ्यावी आणि आपल्या विम्याचा दावा चालवण्याचे अधिकार कोणालाही लिहून देऊ नयेत.

तिच्या घराच्या विम्याबद्दलही थोडे सांगतो. तिथल्या सर्वसाधारण पॉलिसीत झाड इमारतीवर पडले असेल तर दुरुस्तीचा खर्च मिळतो आणि झाड हटवण्यासाठीही रक्कम असते, पण अनेक पॉलिसींत ती दर झाडामागे ५०० डॉलर व एकूण १,००० डॉलर इतकीच असते. झाड नुसते अंगणात आडवे झाले आणि वाट अडली नाही, तर बहुधा काहीच मिळत नाही. ज्यांना हा खर्च परवडत नाही अशांसाठी सदर्न बॅप्टिस्ट चर्चची मदत पथके व टीम रुबिकॉनसारख्या स्वयंसेवी संस्था करवती घेऊन येतात आणि घरावरची झाडे विनामूल्य काढून देतात. वयस्कर शेजाऱ्यांना तिने हे अवश्य सांगावे.

प्रश्न : मी श्रीवर्धन तालुक्यातला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या आणि कित्येक दिवस आम्ही अंधारात काढले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन शाळेच्या वर्गात झोपत. अमेरिकेत हजार-हजार मैलांवरून येणारे हे झाडतोड कामगार राहतात कुठे, त्यांना मिळते काय, आणि हे काम ऐकतो तितके धोक्याचे असते का? — एक वाचक, रायगड

उत्तर : आपण ते दिवस स्वतः काढले आहेत, म्हणून आपल्याला हे अधिक लवकर समजेल. तिथे जत्रेची मैदाने, बंद पडलेल्या मॉलची वाहनतळे अशा जागी तळ उभारले जातात. मोठे तंबू, ट्रेलरमध्ये एकावर एक बांधलेले पलंग, फिरते स्नानगृह, इंधनाचे टँकर, पहाटेचा नाश्ता आणि दुपारी सोबत न्यायचा डबा अशी व्यवस्था असते. हॉटेल मिळाले तर उत्तम, पण वादळग्रस्त भागात हॉटेलांनाही वीज नसते. कामाचा शिरस्ता सोळा तास काम आणि आठ तास विश्रांती असा असतो. आठवडाभर सुटी न घेता काम केले तर ११२ तास भरतात आणि अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ४० तासांवरच्या वेळेला दीडपट मजुरी असल्याने त्यांतले ७२ तास दीडपटीचे होतात. अनेक कंत्राटांत घरून निघाल्यापासून घड्याळ चालू होते. म्हणून कित्येक कुटुंबांचे वर्षाचे गणित या मोसमावर बसलेले असते आणि १ जून ते ३० नोव्हेंबर या काळात घरातला माणूस कोणत्या दिवशी निघेल, हे घरच्यांना सांगता येत नाही. २०२४ मध्ये २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन वादळ फ्लोरिडात शिरले आणि जॉर्जियातून उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांपर्यंत झाडे पाडत गेले. ते आवरते न आवरते तोच ९ ऑक्टोबरला मिल्टन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले आणि पथकांच्या वाट्याला दुसरे वादळ आले.

धोक्याविषयी विचारता, तर तो ऐकता त्याहून अधिकच आहे. नेहमीच्या तोडणीत झाड उभे असते आणि ते कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो. वादळानंतर झाडे एकमेकांत अडकलेली, पिळवटलेली, ताणलेली असतात. एक उदाहरण जवळून पाहू. मोठ्या खोडाखाली मनगटाएवढे कोवळे झाड दबून धनुष्यासारखे वाकलेले असते. नवखा माणूस त्याच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या ताणलेल्या बाजूवर, करवत चालवतो आणि क्षणात ते सुटून तोंडावर येते. जाणता कामगार आधी स्वतःची उभी राहायची जागा ठरवतो आणि मग बाकाच्या आतल्या बाजूने, जिथे लाकूड दाबलेले असते, तिथून पातळ पातळ साल काढावी तसे तासत जातो. धागे हळूहळू सैल होतात, बाक आवाज न करता ढिला पडतो आणि तेव्हाच तो पूर्ण काप घेतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचेही तसेच आहे. खोड कापताच त्याचा भार जातो आणि मुळांची मातीसकट उभी राहिलेली ढेप परत खड्ड्यात आपटते. त्या खड्ड्यात लहान मूल डोकावत असले तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. हेलीनमध्ये वाऱ्यामुळे जे मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक झाडे अंगावर पडूनच झाले होते.

दुसरा धोका दिसतच नाही. तार जमिनीवर पडली आहे म्हणजे ती मृत आहे, असे नसते. एखाद्या घरात जनरेटर नीट वेगळा न करता घराच्या वायरिंगला जोडलेला असला, तर त्याचा २४० व्होल्टचा प्रवाह रोहित्रातून उलटा जाऊन तारेत ७,२०० व्होल्ट होऊन पोहोचतो. म्हणून वीजपुरवठा बंद असल्याची खात्री होऊन तार जमिनीशी जोडली जाईपर्यंत ती जिवंतच समजतात आणि तारांच्या कामाचे खास प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने साधारण दहा फुटांच्या आत जायचेच नाही, असा नियम आहे. वारा ताशी ३५ मैलांच्या खाली आल्याशिवाय माणसाला घेऊन बकेट, म्हणजे ट्रकच्या लांब हाताला लावलेली टोपली, वर नेत नाहीत. परक्या गावाच्या तारा कुठून कुठे जातात हे पाहुण्या पथकाला ठाऊक नसते, म्हणून स्थानिक वीजकंपनीचा वाटाड्या त्यांच्यासोबत असतो. हे सारे नियम मोठ्या कंपन्यांत पाळले जातात, पण सुट्या टोळ्यांत, जिथे मजुरी रोजावर असते आणि कामगार अनेकदा कागदपत्रे नसलेले स्थलांतरित असतात, तिथे शिरस्त्राणसुद्धा मिळेल याची खात्री नसते. स्वस्तात काम करून घेणाऱ्या घरमालकाने त्या माणसाच्या डोक्याकडे व पायांकडे एकदा पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्न : आम्ही जॉर्जियात ऑगस्टाजवळ राहतो. वादळानंतर रस्त्याकडेला रचलेल्या फांद्या सरकारी ट्रक उचलतात, पण अंगणातले कललेले झाड मात्र तसेच सोडतात. असे का? — एक वाचक, ऑगस्टा

उत्तर : कारण झाडे-फांद्या हटवण्याचा खर्च फेमा ही केंद्रीय आपत्ती संस्था स्थानिक प्रशासनाला सहसा सार्वजनिक जागेपुरताच परत करते. त्यातही मापे ठरलेली आहेत. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा व्यास किमान ६ इंच हवा आणि झाड ३० अंशांहून अधिक कललेले, चिरलेले किंवा शेंडा मोडलेले हवे. मोडून लोंबणारी फांदी मोडल्या जागी किमान २ इंच जाड असावी लागते. प्रत्येक ट्रक भरताना व ओतताना निरीक्षक नोंद करतो. आपले झाड खासगी जागेत असले, तरी रस्त्यावर कलले असेल तर नगरपालिकेला किंवा काउंटीला फोटोसह लेखी कळवा. आणि ढीग रचताना फांद्या, घराचे मोडके सामान व घरगुती कचरा असे तीन वेगळे ढीग करा, कारण मिसळलेला ढीग ट्रक उचलत नाहीत. ढीग पाण्याच्या मीटरपासून, टपालपेटीपासून व तारांपासून दूर असावा, म्हणजे यंत्राच्या पंजाला तो सहज उचलता येईल.