पिशवी गळते, म्हणून घर सोडवत नाही

प्रश्न : मी ५६ वर्षांची असून इंदूरला रामबागेत राहते. गुदाशयाच्या कर्करोगासाठी पाच महिन्यांपूर्वी माझी शस्त्रक्रिया झाली. गुदद्वार कायमचे बंद करून पोटावर डाव्या बाजूला कोलोस्टॉमी केली आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर मल साठणारी पिशवी लावली आहे. आजार आटोक्यात आहे असे डॉक्टर सांगतात. पिशवी माझे यजमान बदलतात. मी अजून त्या जागेकडे नीट पाहिलेलेही नाही. दर एक-दोन दिवसांनी पिशवी गळते, कातडी लाल होऊन चुरचुरते, म्हणून तिथे खोबरेल तेल लावते. गळण्याच्या धास्तीने एकच वेळ जेवते. थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "आता देवघरात कशी जाणार?" तेव्हापासून पूजा बंद आहे. मी वेगळ्या खोलीत झोपते. पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरला भाचीचे लग्न आहे, पण बहिणीला खरे कारण न सांगता 'जमणार नाही' एवढेच कळवले. शिवाय कधी कधी जुन्याच जागी शौचाला लागल्याची भावना होते. मला वेड तर लागत नाही ना?
– एक वाचक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो तुम्ही सर्वांत घाबरत विचारलेला दिसतो. गुदाशय काढल्यावरही तिथे शौचाची भावना होणे हा अशा शस्त्रक्रियेनंतरचा ओळखीचा अनुभव आहे. अवयव गेला तरी त्याचे निरोप वाहणाऱ्या नसा आणि ते ओळखणारा मेंदू जागेवरच असतात. कमोडवर काही मिनिटे शांत बसल्याने पुष्कळांची ती भावना ओसरते. तिचा वेडाशी काहीही संबंध नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे जरूर सांगा, पण धसका घेऊ नका.

उरलेल्या तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी पूजा, जेवण, लग्न आणि वेगळी खोली या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे गळती. पिशवी केव्हा दगा देईल याचा भरवसा नसल्यामुळे तुम्ही एकेक दार लावून घेत गेला आहात. म्हणून धीराचे शब्द मागाहून. आधी पिशवी का गळते ते पाहू. वरचेवर होणारी गळती हा नशिबाचा भोग नसतो. बहुतेक वेळा तो मापाचा आणि चिकटण्याचा प्रश्न असतो.

शस्त्रक्रियेनंतर स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, सुजलेला असतो. ही सूज पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत उतरत जाते आणि त्याचा आकार बराच लहान होतो. माझा तर्क असा की, तुमचे यजमान पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीला, म्हणजे फ्लँजला, जे भोक पाडतात ते रुग्णालयातून घरी येताना मिळालेल्या कागदी मापावरून पाडत असावेत. ते माप आता जुने झाले. भोक मोठे राहिले की स्टोमा आणि चकती यांच्यामध्ये कातडीची एक कड उघडी पडते, त्या कडेवर मल बसतो, कातडी सोलवटते, ओलसर कातडीवर चकती धरत नाही आणि पुन्हा गळती होते. फ्लँजच्या खोक्यात बहुधा गोल भोकांची मापपट्टी असते. तिने स्टोमा नव्याने मोजा आणि स्टोमापेक्षा जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर मोठे भोक पाडा. स्टोमा लांबट असेल तर साचा कागदावर हाताने काढून घ्यावा. वजन घटले किंवा वाढले की पुन्हा मोजावे.

दुसरे कारण खोबरेल तेल. आपल्या घरांत कातडीच्या कुठल्याही तक्रारीवर हात आधी त्याच बाटलीकडे जातो, पण तेलकट कातडीवर कोणताही चिकट थर टिकत नाही. क्रीम, हळद, टाल्कम पावडर आणि जंतुनाशक द्रव हेही त्या जागी नकोत. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे. कातडी ओलसर सोलवटलेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाकावी आणि मग चकती लावावी. गंमत अशी की हेच तेल पिशवीच्या आत दोन-तीन थेंब टाकले तर उपयोगी पडते, कारण मल प्लास्टिकला न चिकटता खाली घसरतो.

तिसरे कारण तुम्ही लिहिलेले नाही, पण साडी नेसणाऱ्या स्त्रीला ते विचारायलाच हवे. परकराची नाडी कुठून जाते? ती आवळून पिशवीच्या वरच्या भागावरून जात असेल, तर मल खाली उतरत नाही, स्टोमाभोवती थापला जातो आणि चकतीखाली शिरतो. नाडी स्टोमाच्या वर बेंबीच्या रेषेत बांधा, किंवा नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याचा परकर शिवून घ्या. पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून बंद करण्यापूर्वी आत थोडी हवा राहू द्यावी. निऱ्यांचा घोळ समोर असल्याने साडीत पिशवी फारशी दिसत नाही, हा आपल्या पोशाखाचा एक फायदाच म्हणायचा.

आता मुख्य विनंती. पिशवी स्वतः बदलायला शिका. यजमान प्रेमाने करतात हे खरे, पण ते दोन तास बाहेर गेले की तुम्ही परस्वाधीन होता आणि भीती तिथूनच वाढते. सकाळी, चहासुद्धा घेण्यापूर्वी, जेव्हा आतडे सहसा निवांत असते, तेव्हा चांगल्या उजेडात आरशासमोर बसा. एका हाताने कातडी दाबून धरत चकती वरून खाली हळूहळू सोडवा आणि फेकण्यापूर्वी उलटी करून पाहा. ज्या बाजूचा चिकट थर विरघळून फुगलेला दिसेल, गळती त्या बाजूने होते. बसल्यावर तिथे पोटाला घडी किंवा खळगा पडतो का ते तपासा; पडत असेल तर तेवढ्याच जागी स्टोमा पेस्टची किंवा रिंगची भर घालावी लागते. मग स्टोमाकडे बघा. तो गालाच्या आतल्या कातडीसारखा लाल आणि ओला दिसेल. त्यात वेदना जाणवणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे पुसताना दुखणार नाही. कापडावर रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नये, हिरड्यांतून कधीमधी येते तेवढेच ते असते. चकती तळहातांत धरून थोडी ऊब द्या, कोरड्या कातडीवर लावा आणि मिनिट-दोन मिनिटे हात दाबून ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळा यजमानांना शेजारी उभे राहू द्या, पण हात तुमचाच चालला पाहिजे.

माप जुळल्यावर चकती साधारणपणे तीन-चार दिवस टिकायला हवी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. ती जड होईपर्यंत थांबले की ओझ्याने चकती ओढली जाते. एवढे करूनही गळत राहिली, तर ज्या सर्जननी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडून स्टोमा नर्सची भेट ठरवून घ्या. खोलगट जागेसाठी फुगीर चकत्या मिळतात आणि त्यांची निवड पाहूनच करावी लागते. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था खास अशाच रुग्णांसाठी काम करते. तिच्याकडे चौकशी करायलाही हरकत नाही.

एकच वेळ जेवण्याची शिक्षा मात्र आजपासून बंद करा. रिकाम्या आतड्यात वायू अधिक होतो, म्हणजे पिशवी फुगते आणि आवाजही वाढतो. तिन्ही वेळा, थोडे थोडे, नीट चावून खा आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी प्या. सकाळचे पोहे, त्यावर शेव आणि जीरावन मसाला, यात तुमच्यासाठी वर्ज्य असे काही नाही. कांदा, कोबी, मुळा, राजमा यांनी वायू होतो. ताक आणि दही पुष्कळांना मानवते. एकेक पदार्थ घरी असताना थोडा खाऊन पाहावा. मका, खोबरे आणि शेंगदाणे वर्ज्य असा सल्ला कोणी दिला असेल, तर ती सावधगिरी प्रामुख्याने इलिओस्टॉमीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या लहान आतड्याचे तोंड पोटावर काढलेले असते त्यांच्यासाठी असते, कारण ते तोंड अरुंद असून तिथे हे पदार्थ अडकू शकतात. तुमची कोलोस्टॉमी आहे, तेव्हा भुट्ट्याचा कीस चावून खायला हरकत नाही. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकरा वाजता उभे राहून खाण्याचे तेवढे जपून करा, नाहीतर पिशवी पहाटे उठवील.

नणंदबाईंच्या बोलण्याविषयी मी स्पष्ट लिहिते. जे तुमच्या पिशवीत आहे तेच पूजा करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असते, नणंदबाईंच्याही. फरक एवढाच की तुमच्या बाबतीत ते बंद, धुतलेल्या पिशवीत आहे. स्नान करावे, पिशवी रिकामी करावी आणि देवापुढे बसावे. पिशवीसकट किंवा पिशवीशिवाय, दोन्ही प्रकारे अंघोळ करता येते. स्टोमात पाणी शिरत नाही आणि साध्या साबणाने बिघडत नाही, फक्त साबण तेलकट नसावा आणि कातडीवर राहू नये. वाद मात्र तुम्ही घालू नका. त्या यजमानांच्या बहीण आहेत, तेव्हा "ती पूजा करणार आहे" हे वाक्य यजमानांनीच त्यांना सांगायचे. पाच महिने जे हात पिशवी बदलतात, त्यांना हे एक वाक्य जड जाऊ नये.

यजमानांना किळस येत असेल, असे तुम्ही लिहिले नाही, पण वेगळी खोली तेच सांगते. त्यांना तुम्ही एकदा तरी विचारले आहे का? मला वाटते, ते तुमच्या संकोचाचा मान राखून गप्प आहेत आणि तुम्ही त्या गप्प राहण्याचा उलटा अर्थ लावला आहे. जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल तर जवळीक निषिद्ध नाही. आधी पिशवी रिकामी करावी, वर कापडी आवरण किंवा रुंद पट्टा घालावा. या शस्त्रक्रियेनंतर योनिमार्गात कोरडेपणा किंवा दुखणे असू शकते, तेव्हा घाई नको आणि डॉक्टरीण बाईंशी बोलण्यात लाज नको. शेजारी झोपायला तर कोणाच्याच परवानगीची गरज नाही.

ग्वाल्हेरच्या लग्नाला जावे असे माझे मत आहे. बहिणीला फोन करून खरे सांगा. तिथल्या साऱ्या लष्कर भागात दवंडी पिटायची नाही, पण सख्ख्या बहिणीला कळलेले बरे, कारण लग्नघरात संडासाजवळची खोली तीच देऊ शकेल. १९५४ साली डेन्मार्कमधील एलिझ सोरेन्सन या परिचारिकेने कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देण्याजोगी पिशवी सुचवली, ती आपल्या बहिणीसाठीच. थोरा हे तिचे नाव. स्टोमा झाल्यावर गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. आज आपण जी पिशवी लावतो तिचा उगम त्या भीतीतच आहे.

प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट सामान घ्या आणि चकत्या घरीच कापून ठेवा. हे सगळे हातातल्या पिशवीत असावे, बर्थखालच्या बॅगेत नको. उन्हात तापलेल्या गाडीत चकत्या ठेवू नयेत, चिकट थर मऊ पडतो. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळून टाकावी. संडासात कधीही नाही. घरी ती कचरागाडीतल्या सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या खणात द्यायची. इंदूरकरांना वर्गीकरण शिकवण्याची गरज नाही. रेल्वेच्या भाडेसवलतींच्या यादीत ऑस्टोमी रुग्णांचाही समावेश आहे, त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर विचारावे. लग्नघरात पाण्याच्या बादल्या आणि ताटांच्या चळती उचलण्याचा मोह मात्र आवरा, कारण स्टोमाच्या बाजूला हर्निया होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर बराच काळ राहतो.

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, आतून रक्त थांबेना, किंवा मल आणि वायू दोन्ही बंद होऊन पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर तडक रुग्णालयात जा, सकाळची वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट पुढच्या भेटीत सर्जनना विचारा. डाव्या बाजूची कायमची कोलोस्टॉमी असलेल्या काहींना इरिगेशन शिकवतात. त्यात रोज किंवा दिवसाआड ठरावीक वेळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडे धुतात. तास-पाऊण तास जातो, पण नंतर बरेच तास मल येत नाही आणि पुष्कळांना मोठ्या पिशवीऐवजी छोटे झाकण पुरते. ते सर्वांना चालत नाही. किरणोपचाराने आतड्याला इजा झाली असेल, बाजूला हर्निया असेल किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर टाळतात आणि जाणकाराकडून शिकल्याशिवाय घरी करू नये. लग्नापर्यंत ते जमणार नाही, कारण बसायला आठवडे लागतात. तोवर नवे माप, सैल नाडी आणि बंद केलेली तेलाची बाटली यांवर पंधरा दिवस काढून पाहा, चकती किती दिवस टिकते ते कॅलेंडरवर टिपा आणि मला कळवा.