गाठ परत आली, मग उपचार लगेच का नाहीत?

अंबाजोगाईकडचे एक निवृत्त शिक्षक मुलासोबत समुपदेशनासाठी आले, तेव्हा दोघेही धास्तावलेले होते. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी बेंडामस्टीन (केमोचे औषध) आणि रिटुक्सिमॅब (कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड-औषध) यांच्या सहा सायकल घेतल्यावर गुरुजी चार वर्षे ठणठणीत होते. आता मानेत सुपारीएवढी गाठ आली होती आणि डॉक्टर ‘आधी बायोप्सी, मग ठरवू’ म्हणत होते. ‘‘मॅडम, तोवर आजार पसरला तर?’’ मुलाने विचारले. गुरुजींचा हात सारखा गाठीकडे जात होता. दिवसभर चाचपत राहिले की गाठ रोज वाढल्यासारखी वाटते, तेव्हा ते काम तपासणीच्या दिवशी डॉक्टरांवर सोडा, असे मी त्यांना सुचवले.

हा लिम्फोमा संथ वाढतो आणि पुष्कळदा उलटतो. पण उलटला म्हणजे उपाय संपले, असे नव्हे. पहिल्या केमो-इम्युनोथेरपीनंतर (म्हणजे अशा जोडऔषधांनंतर) दोन वर्षांच्या आत उलटणारा आजार अधिक चिंतेचा असतो. गुरुजींना चार वर्षे मिळाली होती, ही जमेची बाजू. बायोप्सी मात्र टाळता येत नाही, कारण काही रुग्णांत हाच आजार वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात बदलतो आणि मग उपचारच वेगळे लागतात. म्हणून पेट स्कॅनमध्ये (पेशी कुठे जास्त सक्रिय आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीत) जी गाठ सर्वाधिक सक्रिय दिसते, शक्यतो तिचाच तुकडा घेतात.

अहवालात जुनाच, संथ आजार निघाला. ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट यांपैकी काही नव्हते, रक्तही चांगले होते. त्यामुळे डॉक्टरांनी नुसती देखरेख ठेवली. घरच्यांना हे दुर्लक्ष वाटते, पण त्रास नसताना औषध सुरू केल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही, दुष्परिणाम मात्र पदरी पडतात.

पुढे पोटातल्या गाठी वाढल्या, हिमोग्लोबिन उतरले, तेव्हा पर्याय मांडले गेले. एकाच जागी गाठ असती तर कमी मात्रेचे रेडिएशन पुरले असते. बेंडामस्टीन पुन्हा देण्यास डॉक्टर नाखूश होते, कारण त्याने टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) दीर्घकाळ घटतात. स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण किंवा कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगाविरुद्ध परत सोडणे) हे मार्ग पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवले. भारतात बनलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे, हे ऐकून मुलगा थोडा सावरला.

शेवटी लेनालिडोमाइड आणि रिटुक्सिमॅब ठरले: लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल २१ दिवस, मग सात दिवस विश्रांती. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली, कारण रिटुक्सिमॅबमुळे शरीरात दबलेला हा विषाणू पुन्हा उसळू शकतो. खर्चाचे विचारल्यावर मी त्यांना आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या सरकारी योजनेच्या मदतनीसाकडे पाठवले. महात्मा फुले योजनेत काय बसते आणि काय खिशातून भरावे लागेल, हे पहिल्या सायकलपूर्वीच विचारून घ्यावे. ताप आला किंवा एका पायाला सूज आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, हे मुलाने फाईलच्या पुठ्ठ्यावरच लिहून घेतले.